विश्लेषण : डॅनिश मोहिमेची पेन्सिल, घारापुरी आणि अंबरनाथ… जुन्या वास्तूंची रेखाटने का महत्त्वाची?

अंबरनाथच्या शिवमंदिरात आलेला माणूस हल्ली मोबाइलवर चार फोटो काढतो आणि पुढे सरकतो. कॅमेरा नव्हता तेव्हा हेच काम पेन्सिल करत असे. त्या काळी काळजीपूर्वक केलेली नक्कल पुढे किती उपयोगी पडते आणि ती न झाल्यास काय गमावते, हे घारापुरी आणि अंबरनाथ या दोन ठिकाणांवरून समजते.

डॅनिश मोहीम काय होती?

डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने जानेवारी १७६१ मध्ये कोपनहेगनहून सहा जणांची तुकडी अरबस्तानात पाठवली. भाषातज्ज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, डॉक्टर, भूमापक, चित्रकार आणि एक सेवक असे हे सहा जण. गेओर्ग बाउरेनफाइंड हा मोहिमेचा चित्रकार. इजिप्त आणि येमेनमधील शहरे, लोकांचे पोशाख, वादक, नर्तकी असे रोजचे जीवन टिपणे हे त्याचे काम. येमेनमध्ये मात्र तापाने तुकडीला गाठले. भाषातज्ज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तिथेच गेले. मोखा बंदरातून मुंबईकडे येताना २९ ऑगस्ट १७६३ रोजी जहाजावर बाउरेनफाइंडचाही मृत्यू झाला.

पेन्सिल भूमापकाच्या हाती कशी आली?

कार्स्टन नीबूर हा उत्तर जर्मनीतील शेतकरी कुटुंबातला. नकाशे काढणे ही त्याची जबाबदारी. सप्टेंबर १७६३ मध्ये तो मुंबईत उतरला, तेव्हा सोबत फक्त डॉक्टर उरला होता. फेब्रुवारी १७६४ मध्ये तोही दगावला. एकट्या नीबूरने काम थांबवले नाही. डिसेंबर १७६४ पर्यंतच्या मुक्कामात त्याने येथील लोकांच्या चालीरीती नोंदवल्या आणि घारापुरीला तीनदा जाऊन लेण्याचा आराखडा व शिल्पांची चित्रे काढली. ती १७७८ मध्ये त्याच्या प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात छापली गेली. तो मुळात चित्रकार नव्हता, त्यामुळे आकृत्या काहीशा युरोपीय वळणाच्या वाटतात. पण भूमापकाची शिस्त त्याच्या कामात होती. खांब किती, कोणते शिल्प कोठे, हे त्याने मोजून मांडले.

न समजलेल्या गोष्टीची नक्कल का करायची?

याचे उत्तर नीबूरच्याच पुढच्या प्रवासात मिळते. परतीच्या वाटेवर इराणमधील पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यात त्याने बाणाच्या टोकांसारख्या अक्षरांतील लेख उतरवून घेतले. ते त्याला वाचता येत नव्हते. तरीही त्याने रेघ न रेघ जपली. पुढे १८०२ मध्ये ग्रोटेफेंड या जर्मन शिक्षकाने त्या नकलांच्या आधारे ही लिपी उलगडायला सुरुवात केली. नक्कल करणाऱ्याला जे कळले नाही, ते नंतरच्या माणसाला वाचता आले.

घारापुरीने काय गमावले?

घारापुरीला एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवल्याचे त्यांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. पुढे त्याचा ठावठिकाणा लागला नाही आणि त्याची नक्कलही हाती नाही. म्हणूनच लेणे सहाव्या शतकातील असल्याचे साधारण मानले जात असले, तरी ते कोणी कोरले यावर आजही वाद आहे. ज्या दगडी हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ नाव पडले, त्याचे डोके १८१४ मध्ये निखळले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न फसला. आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

अंबरनाथ याबाबतीत सुदैवी कसे?

अंबरनाथचा शिलालेख मंदिराच्या उत्तरेकडील दारावर जागच्या जागी राहिला. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील काळ शके ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० असल्याचे दाखवले आणि मंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातील ठरले. एका आकड्याने दोनशे वर्षांचा फरक पडला. मूळ लेख शाबूत होता, म्हणूनच चूक दुरुस्त करता आली.

१८६८ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील मंडळींनी या मंदिराची मोजमापे घेतली, रेखाटने केली आणि शिल्पांचे साचेही काढले. तेव्हापासून ऊन, पाऊस आणि माणसांचे हात यांमुळे शिल्पांची झीज सुरूच आहे. कोणता भाग कधी झिजला, हे ताडून पाहायचे तर अशा जुन्या नोंदीच कामी येतात.

आज पेन्सिलीची गरज आहे का?

फोटो क्षणात निघतो, पण त्यातून शिल्पाचे माप कळतेच असे नाही. रेखाटताना मात्र एकाच शिल्पासमोर अर्धा तास बसावे लागते. हात कुठे तुटला आहे, दागिना कुठे पुसट झाला आहे, हे तेव्हा दिसते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी वही आणि पेन्सिल पुरेशी आहे. मात्र मंदिर संरक्षित स्मारक आहे. शिल्पांवर कागद ठेवून घासू नये, खडू लावू नये, लांबूनच काढावे. आणि चित्राखाली तारीख व जागा न विसरता लिहावी. आणखी पन्नास वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला त्याच दोन गोष्टी आधी लागतील.