सिमेंटातला धागा किती वर्षे टिकतो?

सुरतेत धागा म्हटला की माग आणि साडी आठवते. परंतु मागांच्या कित्येक शेडवर जो सिमेंटचा पत्रा असतो, त्याच्याही पोटात धागा असतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. गिलाव्याच्या मातीत आपण भुसा कालवतो, त्यातलेच हे तत्त्व. सिमेंट दाब सोसते, ताण सोसत नाही. तो ताण धागा घेतो.

जुन्या पत्र्यातला धागा ॲस्बेस्टॉसचा. सिमेंटच्या क्षारात तो सहसा नष्ट होत नाही; पण त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर तिथेही ती ठाण मांडून बसते. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली या उद्योगातील कामगारांच्या आरोग्यरक्षणासाठी निकाल दिला, तो याचमुळे.

मग काचेचा धागा का नको? सिमेंटातील ओलाव्याचा पीएच १२.५ च्या वर असतो. साधी काच त्यात हळूहळू झिजते; शिवाय चुन्याचे स्फटिक तंतूंच्या फटींत भरून पत्रा ठिसूळ होतो. ब्रिटनमध्ये संशोधन करणारे ए. जे. मजुमदार यांनी काचेत झिर्कोनिया मिसळून क्षाराला तोंड देणारा धागा सिद्ध केला. १९७१ च्या सुमारास तो बाजारात आला. त्याची झीज मंदावली, पण पुरती थांबली नाही.

दुसरा मार्ग सिमेंटच बदलण्याचा. उकाईसारख्या औष्णिक वीजकेंद्रातील राख सिमेंटात मिसळली तर ती मोकळा चुना वापरून टाकते व धाग्याला उसंत मिळते. मात्र निव्वळ राखेपासून जिओपॉलिमर करताना बहुधा कॉस्टिक सोडा किंवा सोडियम सिलिकेट घालावे लागते. म्हणजे चुना गेला तरी क्षार राहिलाच! आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या जातीचा बेसाल्ट वितळवूनही धागा काढतात. पण तीव्र क्षारात तोही दुबळा होतो. म्हणून धागा आणि सिमेंट यांची जोडी एकत्रच तपासावी लागते. नमुने गरम पाण्यात ठेवून काही आठवड्यांत अनेक वर्षांच्या झिजेचा अंदाज बांधतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात काय रस, असे कोणी विचारील. आम्ही घसारा काढतो तो मालमत्तेचे आयुष्य गृहीत धरून. पंचवीस वर्षांचा म्हणून घेतलेला पत्रा दहा वर्षांत ठिसूळ झाला, तर मधल्या प्रत्येक वर्षाचा नफा फुगवलेला ठरतो. तेव्हा नव्या पत्र्याची किंमत विचारण्यापूर्वी एवढे विचारावे : धागा कोणता, सिमेंट कोणते, आणि दोघांची एकत्र चाचणी किती काळ झाली? वहीतली चूक पुढच्या वर्षी दुरुस्त करता येते. पत्र्याखाली मात्र माणूस उभा असतो.