मशीन एकदा विकतं, कॅसेट दहा वेळा: डीलरशिप घेण्याआधी हे वाचा



"सर, डीलरशिप मिळतेय, डिपॉझिट भरू का?" चंदगड, कोवाड, गडहिंग्लज, अगदी बेळगावहूनही हा प्रश्न आपल्या चॅनेलवर सारखा येतो. आज त्याचं उत्तर व्हिडिओ गेमच्या मशीनवरून देतो. कंपनी, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार यांचं नातं कसं बदलत गेलं, ते या एका वस्तूत स्वच्छ दिसतं.

१. टीव्ही गेमचा जमाना

जपानच्या निन्टेंडोने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' हे मशीन काढलं. आपल्याकडे ते 'समुराई' नावाने आलं. पण गावोगावी पोचल्या त्या त्याच्या नकला. मीडिया कंपनीचा 'लिटल मास्टर' अनेकांना आठवत असेल. बाकी कित्येक डब्यांवर तर धड नावही नसायचं. गिऱ्हाईक एवढंच म्हणायचं, "टीव्ही गेम आहे का?"

तो खपला कारण घरातल्या साध्या टीव्हीला जोडता यायचा आणि टीव्ही-रेडिओच्या दुकानात मिळायचा. वेगळं शोरूम लागलं नाही. आणि खरी कमाई पुढे होती. मारिओ झाला की काँट्राची कॅसेट, मग '९९९९ इन १'. अॅडाप्टर जळाला, रिमोटचं बटण बसलं, की पोरगं परत त्याच दुकानात! नकली माल विका असं मी सांगत नाहीये. गिऱ्हाईक परत का येत होतं, ते बघा.

२. मोठं नाव, मोठी किंमत

१९९५ मध्ये सेगा कंपनीने 'मेगा ड्राइव्ह' भारतात विकण्यासाठी शॉ वॉलेसशी करार केला. हो, दारूच्या धंद्यातली शॉ वॉलेस! त्या वेळी आयात शुल्क होतं ८० टक्के. ते टाळण्यासाठी ही वाट काढली, तरी मशीनची किंमत १८,००० रुपये. १९९५ सालचे १८,००० म्हणजे काय, हे घरच्या थोरल्यांना विचारा. ओरिजिनल माल होता, पण आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशात बसणारा नव्हता.

३. लॅमिंग्टन रोडचा रस्ता

अधिकृत रस्ता अरुंद असला की माल आडवाटेने येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बाहेरून आणलेली मशीनं मिळायची. प्लेस्टेशन २ मध्ये चिप बसवून कॉपी केलेल्या डिस्क चालवून द्यायचे. भाव कमी, पण कंपनीची वॉरंटी नाही. मशीन बिघडलं तर दुकानदार आणि गिऱ्हाईक समोरासमोर!

४. कंपनी दारात आली, दुकान मागे पडलं

मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात आणला २५ सप्टेंबर २००६ ला. पुढच्या वर्षी सोनीचा प्लेस्टेशन ३ आला, किंमत ३९,९९० रुपये. शहरांत गेमची खास दुकानं निघाली. मग २०१४ मध्ये एक्सबॉक्स वन आला, तो फक्त अॅमेझॉनवर. म्हणजे दुकानदाराला त्यात जागाच नाही.

प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला. ऑनलाइन बुकिंग काही मिनिटांत संपलं. त्याचं एक मॉडेल होतं 'डिजिटल एडिशन'. डिस्क घालायला जागाच नाही, गेम थेट कंपनीकडून डाउनलोड करायचा. दुकानदाराची कॅसेट गेली ती इथे.

आता हिशेब मांडू

समजा मशीन ५०,००० चं आणि मार्जिन ४ टक्के. एका नगामागे मिळाले २,०००. पाच नग भरले तर जवळपास अडीच लाख अडकले. त्यात एक नग सहा महिने पडून राहिला आणि नवीन मॉडेल आलं, तर बाकीच्या चार नगांची कमाई त्याच्यातच जाते. कंपनीला मशीनवर कमी सुटलं तरी चालतं, कारण ती पुढे गेम विकून कमावते. तुमच्याकडे 'पुढे' काय आहे?

म्हणून डिपॉझिट भरण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

१. ही वस्तू घेतल्यावर गिऱ्हाईक माझ्याकडे परत कशासाठी येईल?
२. तेच मॉडेल कंपनी ऑनलाइन विकते का, आणि माझ्या खरेदीपेक्षा स्वस्त का?
३. न खपलेला माल कंपनी परत घेते का? तोंडी नको, लेखी.
४. वॉरंटीचा माल गिऱ्हाइकाने कुठे न्यायचा? कोल्हापूर की बेळगाव, आणि ने-आणीचा खर्च कोणाचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असेल, तर ती डीलरशिप नव्हे, नुसती हमाली आहे. आणि उत्तर सापडलं, मग ते रिपेअरिंग असो, सुटे पार्ट असोत की बॅटरी, तर मार्जिन कमी असलं तरी धंदा उभा राहतो. मोबाईल, वॉटर प्युरिफायर, इन्व्हर्टर, सगळ्याला हेच लागू.

तुमच्या दुकानातली 'कॅसेट' कोणती? वहीत लिहून काढा आणि व्हिडिओखाली कमेंटमध्ये सांगा. पुढच्या भागात डीलरशिपचा करार ओळ न् ओळ वाचू.