मेस बंद असलेला रविवार

रविवारी दुपारी गोडधोड आणि रात्री मेसला कुलूप, हा रिवाज महाराष्ट्रातल्या कुठल्याही वसतिगृहात सारखाच. कोल्हापुरात शिकायला आलेल्या पोरांना मात्र त्या कुलपाचं फारसं दुःख नसतं. काही जण तर सकाळपासूनच मेसकडे पाठ फिरवतात.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झालं. त्याचं आवार सुमारे साडेआठशे एकरांचं, आणि शेजारी राजाराम तलाव. सकाळी इथे फिरायला येणाऱ्यांत पोरांपेक्षा पेन्शनरच जास्त. मोर दिसला तरी पोरं फार वेळ थांबत नाहीत. तिकडे मिसळीची रांग वाढत असते.

ही मिसळ कुठली खायची, यावरून खोलीतल्या दोस्तांत भांडण ठरलेलं. कुणाला उद्यमनगरातली फडतरे हवी, कुणाला कसबा बावड्यातली, तर कुणाला महाद्वार रोडवरची चोरगे. मटकी, फरसाण, वर बारीक चिरलेला कांदा आणि सोबत कट. पुण्या-मुंबईकडच्या पावाऐवजी इथे ब्रेडच्या स्लाइस येतात. ‘‘मामा, जरा कट वाढा की!’’ एवढं म्हटलं की वाटी पुन्हा भरते. महिनाअखेरीला या वाक्याचा किती आधार असतो, हे वसतिगृहात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कटाचा जीव चटणीत. कोल्हापूरकर चटणी म्हणतात ती मिरचीत कांदा-लसूण आणि गरम मसाले घालून कुटलेली. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते आणि गावाकडून परतणाऱ्या पोरांच्या पिशवीत तिची एक बरणी असतेच. गंमत म्हणजे मिरची मुळात इथली नाहीच. अमेरिका खंडातून ती स्पॅनिश-पोर्तुगीज जहाजांनी जगभर नेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती आपल्याकडे उतरली. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगिजांचेच.

पोट भरलं की सावली हवी. त्यासाठी टाउन हॉलची बाग. १८७०च्या दशकातल्या या इमारतीत आता वस्तुसंग्रहालय आहे. बागेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडी टाकून बसलेले कितीतरी जण आत मात्र फिरकत नाहीत. चुकतात ते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात उत्खनन झालं, त्यात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती इथली खरी दौलत. भूमध्य समुद्राकडचा हा देव व्यापाराच्या वाटेने सातवाहनकाळातल्या कोल्हापुरात येऊन पोचला.

जवळच बोर्डिंगांचा दसरा चौक. गावाकडच्या पोराला शहरात शिकायचं तर राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेक बोर्डिंग काढून सोडवायला घेतला. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे.

दुपारी खिसा परवानगी देत असेल तर खानावळीत मटणाचं ताट. खोबऱ्याच्या दुधातला पांढरा रस्सा आधी वाटीने प्यायचा आणि मग भाकरी तांबड्यात कुस्करायची. खिसा नाहीच म्हणाला तर थेट संध्याकाळची भेळ.

भेळ मिळते खासबागेजवळच्या खाऊगल्लीत. राजाभाऊंची भेळ इथलीच. शेजारचं खासबाग कुस्ती मैदान १९१२ चं. शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, तिथे त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तशाच उतरत्या प्रेक्षागाराचं मैदान आपल्या पैलवानांसाठी उभारलं. भेळेचा पुडा घेऊन पोरं रंकाळा तलावावर जातात. पलीकडे शालिनी पॅलेसच्या मागे सूर्य बुडतो. संध्यामठाचा दगडी मंडप पाणी उतरलं की उघडा पडतो, पावसाळ्यात पाण्यात उभा असतो. तळ्यात मिसळणाऱ्या सांडपाण्याची तक्रार जुनीच आहे. वारा फिरला की नाकालाही कळतं. तरी कट्ट्यावर जागा मिळत नाही.

परतताना गंगावेस. इथल्या दूधकट्ट्यावर म्हशी दारातच बांधलेल्या असतात आणि धार समोर काढली जाते. तालमीतला पैलवान मोठा पेला एका दमात रिकामा करतो. शेजारी पहिल्यांदाच आलेला विद्यार्थी कोमट दुधाकडे जरा संशयाने बघतो, ओठावर फेसाची मिशी उमटवतो आणि दुसऱ्या पेल्यासाठी खिशातली चिल्लर मोजू लागतो. तेवढ्यात शेवटची केएमटी बस निघून जाते.