पोरांच्या हाती कारभार

ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा तेराव्या वर्षी मोठा होतो. बार मिट्झ्वा झाला की सामुदायिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत त्याची गणती होते, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीतून सर्वांदेखत वाचण्याचा मान त्याला मिळतो आणि त्याच्या पापपुण्याचा हिशेब इथून पुढे बापाच्या नव्हे, त्याच्याच खात्यावर मांडला जातो. थाट अगदी मुंजीसारखा. नवे कपडे, पंगती, आहेराची पाकिटं. आणि सोमवारी हा सज्ञान गृहस्थ दप्तर पाठीला लावून पुन्हा शाळेत! धर्माने मोठं तर केलं, पण मोठ्याचं काम कुठं दिलं? बरीच मुलं समारंभ आटोपला की सिनेगॉगकडे, म्हणजे प्रार्थनामंदिराकडे, फिरकत नाहीत, ही तिथल्या आईबापांची जुनी तक्रार आहे. अमेरिकेतल्या ज्यू समाजाने तिच्यावर जो उपाय काढला, तो पाहून थक्क व्हायला होतं. त्यांनी मुलांसाठी मंडळं काढली आणि ती चालवायलाही मुलांनाच बसवलं.

सुरुवात मात्र अपमानातून झाली. नेब्रास्का राज्यातलं ओमाहा हे गाव, साल १९२३. हायस्कुलांमधून तेव्हा ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या मुलांच्या बंधुमंडळांची चलती होती. नाच, सहली, ओळखीपाळखी सगळं त्यांच्यामार्फत चालायचं, आणि ज्यू मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. काळच तसा होता. कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना जोरात होती. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याचा प्रस्ताव उघडपणे मांडला होता. ओमाहातल्या पोरांनी अर्जविनंत्या केल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं मंडळ काढलं आणि नावाला अक्षरं घेतली ती हिब्रूची: आलेफ, त्झादिक, आलेफ. मला यातला खट्याळपणा फार आवडतो. तुमची अक्षरं तुम्हाला लखलाभ, आमची तर त्याहून जुनी आहेत!

सॅम बेबर नावाचा तरुण वकील या मुलांच्या पाठीशी उभा राहिला. मे १९२४ मध्ये चार गावांच्या शाखा एकत्र आल्या, आणि पुढच्याच वर्षी बनाय ब्रिथ या १८४३ पासून चालत आलेल्या ज्यू संघटनेने त्यांना आपल्या पंखाखाली घेतलं. मुलींना बरोबरीची अधिकृत जागा मिळायला १९४४ उजाडलं. त्यामागे ॲनिटा पर्लमन यांचा रेटा होता. मुलामुलींच्या या जोड संघटनेला आज बीबीवायओ म्हणतात.

आता शाखेच्या आत डोकावू या. अध्यक्ष सोळा-सतरा वर्षांचा. त्याला म्हणायचं गोडोल. मुलींच्या शाखेत ती नसिया. उपाध्यक्ष स्गान, चिटणीस मझकीर, खजिनदार गिझबोर. वर्गणीचा हिशेब गिझबोरने ठेवायचा, सभेचं इतिवृत्त मझकीरने लिहायचं. नवे सभासद आणायची जबाबदारी एकावर, शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या पवित्र विसाव्याच्या दिवसाच्या, कार्यक्रमाची दुसऱ्यावर. निवडणुका रीतसर होतात, भाषणं होतात, कुणी पडतं, कुणी रुसतं. सभेला मोठं माणूस हजर असतं ते सल्लागार म्हणून. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना या सगळ्याचं मोल वेगळं सांगायला नको. सगळ्यांत वरच्या पदांवरही पोरंच. आंतरराष्ट्रीय अध्यक्ष म्हणून निवडून आलेला मुलगा आणि मुलगी कॉलेजचा प्रवेश वर्षभर पुढे ढकलून पूर्णवेळ हेच काम करतात.

अशा तालमीतून काय निघतं? फिलिप क्लुट्झनिक हा कॅन्सस सिटीचा मुलगा या मंडळाच्या अगदी सुरुवातीच्या अध्यक्षांपैकी एक. पुढे तो साऱ्या बनाय ब्रिथचा अध्यक्ष झाला आणि अध्यक्ष कार्टर यांच्या मंत्रिमंडळात वाणिज्यमंत्रीही. सगळेच काही मंत्री होत नाहीत म्हणा. पण सभा चालवता येणं, विरोधात गेलेलं मत मोजून घेता येणं, या गोष्टी सोळाव्या वर्षी अंगवळणी पडल्या की पडल्या.

मंडळांचा हा पसारा बीबीवायओपुरता राहिला नाही; ज्यू धर्मातल्या पंथांनीही आपापली मंडळं काढली. सुधारकांचं १९३९ साली निघालं, मध्यममार्गीयांचं १९५१ साली, सनातन्यांचं १९५४ साली. प्रार्थनेच्या रीतींवरून यांचं एकमेकांशी पटत नाही. पण शनिवारची संध्याकाळ बहुतेकांच्या शिबिरात सारखीच दिसते. आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो आणि हवदाला नावाचा विधी होतो. अनेक वातींची, वेणीसारखी पिळलेली मेणबत्ती पेटवतात. लवंग-दालचिनीची डबी हातोहात फिरते आणि जो तो वास घेऊन पुढे देतो. मग सगळे बोटं वाकवून हात ज्योतीपुढे धरतात. नखांवर उजेड चमकतो, तळव्यावर बोटांची सावली पडते. शेवटी मेणबत्ती द्राक्षरसात बुडवली की चुर्र आवाज होतो, आणि एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभं राहिलेलं ते पोरांचं कडं गाऊ लागतं. त्यात एक गाणं हमखास एलियाहू हानवीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या घरी हाच एलियाहू हानाबी मलिद्याच्या ताटापुढे आळवला जातो; पोहे, नारळ, गूळ आणि फळं मांडून. अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण दाखवणारा खडकही आहे. ओहायोतल्या शिबिरातली मुलगी आणि रायगडातली आजी एकाच पाहुण्याला साद घालतात हे कळल्यावर मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

हवदालाची जी चाल आज अमेरिकेत सर्रास ऐकू येते, ती डेबी फ्रीडमन या गायिकेची. गिटार तिने स्वतःच शिकून घेतली आणि सत्तरीच्या दशकात उन्हाळी शिबिरांतून ती पोरांना गायला शिकवू लागली. देवाच्या दारी गिटार म्हटल्यावर जुन्या गायकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण शिबिरातली मुलं मोठी झाली, सिनेगॉगच्या समित्यांवर बसली, आणि चाली त्यांच्याबरोबर आत शिरल्या. २०११ साली डेबी वारली. त्याच वर्षी धर्मगायक तयार करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या विद्यालयाला तिचं नाव देण्यात आलं. थोरांनी शिकवायचं आणि पोरांनी पाठ करायचं, असा हजारो वर्षांचा परिपाठ असलेल्या धर्मात चाल धाकट्यांकडून थोरल्यांकडे गेली.

कॉलेजातली गोष्ट वेगळी. तिथे आई नाही आणि शुक्रवारचं जेवणही नाही. इलिनॉय विद्यापीठात बायबल साहित्य म्हणून शिकवणारे प्राध्यापक एडवर्ड चॉन्सी बाल्डविन यांच्या लक्षात आलं, की ज्यू विद्यार्थ्यांना स्वतःच्याच ग्रंथांची ओळख नाही. बाल्डविन स्वतः ख्रिस्ती! खटपट त्यांनी सुरू केली. १९२३ मध्ये बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, न्हाव्याच्या दुकानावरची जागा भाड्याने घेतली आणि हिलेल हे ज्यू विद्यार्थ्यांचं केंद्र सुरू झालं. फ्रँकेल १९२७ साली, ऐन तारुण्यात गेला. त्याच्यामागे काम सांभाळणारे एब्रम साखर १९४८ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. ज्यू समाजाने स्थापलेल्या या विद्यापीठात कुठल्याच धर्माच्या विद्यार्थ्यांवर मर्यादा नव्हती.

आज शेकडो विद्यापीठांत हिलेल आहे. मोठ्या ठिकाणी शुक्रवारी संध्याकाळी तीन खोल्यांत तीन पंथांच्या प्रार्थना वेगवेगळ्या चालतात, आणि संपल्या की सगळे एकाच पंगतीला बसतात. शेजारच्या गल्लीत बहुधा खबाड या कर्मठ ज्यू चळवळीचं घर असतं. तिथे रब्बी आणि त्याची बायको आपल्याच बिऱ्हाडात, स्वतःच्या लेकरांच्या गलबल्यात विद्यार्थ्यांना वाढतात. दोन्हींकडे जेवून येणारे हुशारही असतातच.

ज्याच्या नावाने हिलेल चालतं, तो दोन हजार वर्षांपूर्वीचा पंडित. शम्माई पंडिताच्या गोटाशी त्याच्या शिष्यांचे वाद पिढ्यानपिढ्या चालले, आणि तालमूद या धर्मग्रंथाने दोन्ही बाजू जपून ठेवल्या. पोरांच्या हाती कारभार दिला की पोरं भांडणारच. २०१३ साली पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या हिलेलमधल्या मुलांनी जाहीर केलं, की इस्रायलबद्दल कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, याचे वरून आलेले नियम आम्ही पाळणार नाही. मुख्य संस्थेने हटायला नकार दिला, कोर्टाची भाषा झाली. २०१५ मध्ये मुलांनी हिलेल हे नाव सोडून दिलं आणि मंडळाला केहिला असं नवं नाव ठेवून आपलं काम पुढे चालू ठेवलं.