कामाच्या दिवसांचे गणित: सॉफ्टवेअरमधल्या कॅलेंडरची चाळीस वर्षे

कामाचे नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॅलेंडर दोन कामे करते. कोणते काम कोणत्या तारखेला आहे हे ते दाखवते, आणि कोणता दिवस कामाचा, कोणता सुट्टीचा हे धरून तारखा मोजते. इतिहासात मोजणी आधी आली, दाखवणे नंतर. पुढे दाखवणे लोकप्रिय झाले आणि मोजणी मागे पडली. या चाळीस वर्षांतली ही सर्वांत महत्त्वाची उलथापालथ आहे.

मोजणीचे मूळ १९५०च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या अमेरिकी कंपन्यांनी विकसित केलेल्या क्रिटिकल पाथ पद्धतीत आहे. त्या पद्धतीत हिशेब नुसत्या दिवसांचा चाले: अमुक काम सुरुवातीपासून बाराव्या दिवशी संपेल. हा बारावा दिवस म्हणजे कोणती तारीख, हे काढायचे तर मधले रविवार आणि सण वगळावे लागत. वगळण्याचे हे काम पुढे सॉफ्टवेअरने उचलले. प्रिमाव्हेरा कंपनी १९८३ मध्ये स्थापन झाली आणि मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची डॉसवर चालणारी पहिली आवृत्ती १९८४ मध्ये बाजारात आली.

प्रोजेक्टमधली व्यवस्था आजही अभ्यासण्याजोगी आहे. सोबत तीन तयार कॅलेंडरे मिळतात: स्टँडर्ड, नाइट शिफ्ट आणि चोवीस तास. स्टँडर्डमध्ये आठवडा सोमवार ते शुक्रवार आणि दिवस सकाळी ८ ते १२ व दुपारी १ ते ५ असा असतो; सण त्यात एकही नसतो. त्याची प्रत काढून आपले वार, आपल्या पाळ्या आणि आपल्या सुट्ट्या भरायच्या असतात. शिवाय प्रत्येक माणसाचे वेगळे कॅलेंडर असते, त्यात त्याची रजा नोंदवता येते. एकेका कामाला स्वतःचे कॅलेंडर देण्याची सोय प्रोजेक्ट २००० पासून आली.

ही सोय किती मोलाची आहे हे पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात चटकन पटते. भोसरी, पिंपरी-चिंचवडकडच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर त्यांच्यासाठी डिझाइन करणाऱ्या कार्यालयांची शनिवार-रविवारी. बुधवारी सुरू झालेले पाच दिवसांचे काम कारखान्यात सोमवारी संपते, कार्यालयात मंगळवारी. दोन्हीकडची माणसे एकाच वेळी लागणारी तपासणी असेल, तर आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार एवढेच चार दिवस हाती उरतात. अशा कामासाठी चार दिवसांचे वेगळे कॅलेंडर करून ठेवले, की वेळापत्रक पहिल्या दिवसापासून खरे बोलते. बांधकामात याच्या उलट गरज पडते. काँक्रीटला पाणी मारून ठेवण्याचे दिवस सुट्टी पाळत नाहीत, म्हणून तो कालावधी चोवीस तासांच्या हिशेबाने द्यावा लागतो.

याच व्यवस्थेत एक जुना खड्डा आहे. कॅलेंडरमध्ये दिवस नऊ तासांचा केला, पण 'दिवसाचे तास' ही वेगळी सेटिंग आठवरच राहिली, तर पाच दिवसांचे काम चाळीस तासांचेच धरले जाते आणि पाचव्या दिवशी मध्येच संपलेले दिसते. हे दोन आकडे जुळवणे ही प्रोजेक्ट शिकणाऱ्याची पहिली सवय असायला हवी.

दुसरा प्रवाह भेटी आणि बैठकांचा. आउटलुक १९९७ मध्ये आले आणि कार्यालयातल्या प्रत्येकाच्या पडद्यावर कॅलेंडर पोचले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांनी एकमेकांशी बोलावे म्हणून आयकॅलेंडर हे मानक नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची सुधारित आवृत्ती २००९ ची. गूगल कॅलेंडर एप्रिल २००६ मध्ये सुरू झाले आणि दुसऱ्याचे कॅलेंडर आपल्या कॅलेंडरवर ठेवून पाहणे ही रोजची गोष्ट झाली.

पुढे ट्रेलोसारखी साधने आली (ट्रेलो २०११ चे), तेव्हा कॅलेंडर म्हणजे कामांकडे पाहण्याचा एक नमुना झाला. मुदतीनुसार कार्डे महिन्याच्या चौकटीत मांडायची, एखादे कार्ड ओढून दुसऱ्या दिवसावर टाकले की तारीख बदलायची. रंग, गाळण्या, आठवड्याचा पहिला वार, शनिवार-रविवार लपवणे असे बदल सोपे झाले. नियोजनाचे प्रशिक्षण नसलेल्या लक्षावधी माणसांना यामुळे कामाचा पसारा एका नजरेत दिसू लागला, आणि हे यश मोठे आहे. मात्र शनिवार लपवल्याने तो सुट्टीचा होत नाही. जिरा या अशाच साधनाच्या बोर्डावर कामाचे वार आणि सुट्ट्या नोंदवता येतात, उरलेले काम दाखवणाऱ्या बर्नडाउनसारख्या आलेखांत त्या धरल्याही जातात, पण कामाची मुदत त्यामुळे पुढे सरकत नाही. ज्या काळात सॉफ्टवेअर सर्वांत सुंदर झाले, त्याच काळात हे गणित वापरणाऱ्याच्या डोक्यावर परत आले.

सुट्ट्यांचे नियम लिहिण्यात तर आयकॅलेंडर अजूनही तोकडे पडते. १ सप्टेंबर २०१५ पासून देशभरच्या बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. हे त्यात एका नियमाने लिहिता येते. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांचा २९ फेब्रुवारी २०२० पासूनचा पाच दिवसांचा आठवडा त्याहून सोपा. अडचण सणांची आहे. मूळ मानकातले पुनरावृत्तीचे नियम केवळ इंग्रजी महिन्यांवर चालतात. २०१५ मध्ये त्याला जोड देऊन चिनी, हिब्रू अशा कालगणनांची सोय झाली. ती जोड कालगणनांच्या ज्या यादीवर आधारलेली आहे तिच्यात भारतीय नावाची कालगणना आहे, पण ती १९५७ मध्ये स्वीकारलेली सौर राष्ट्रीय दिनदर्शिका. तिथी आणि अधिक महिना तिच्यात बसत नाहीत, त्यामुळे गणेश चतुर्थी नियमाने लिहिता येत नाही. दरवर्षीची तारीख वेगळी भरावी लागते.

तारीख भरली तरी ती पक्की राहतेच असे नाही. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आली, तेव्हा राज्य शासनाने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. ज्यांच्या कॅलेंडरात जुनी यादी तशीच राहिली, त्यांच्या वेळापत्रकात २९ तारीख कामाची दिसत होती.

म्हणून राज्य शासनाची वार्षिक यादी निघताच नियोजनाचे काम पाहणाऱ्याने ती आधी मोजणीच्या कॅलेंडरात भरावी, रंग आणि गाळण्या नंतर ठरवाव्यात, आणि सुट्टी बदलल्याचे परिपत्रक आले की त्याच दिवशी दुरुस्ती करावी.