लहान नौकेतून मुंबई बंदरात

आगगाडीने किंवा विमानाने येणाऱ्यास मुंबई एकाएकी येऊन वेढते; परंतु दहा-बारा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून कोकणाच्या बाजूने येणाऱ्यास ती इतकी सावकाश दिसू लागते की, क्षितिजावरची धूसर रेषा आणि त्या रेषेतून वर आलेले मनोरे यांच्यामध्ये एखाद्याचे सकाळचे जेवणही आटोपावे. प्रथम उजव्या हातास खांदेरी लागते. शिवाजीमहाराजांनी 1679 मध्ये या बेटाची तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी आपली मोठी जहाजे आणून ते काम बंद पाडण्याची खटपट केली. पण मराठ्यांच्या हलक्या होड्या नागावच्या खाडीतून रात्री निघत आणि अवजड जहाजांना चकवून बेटावर सामान पोहोचवीत. लहान नौकेचा मोठ्या जहाजापुढे असा वरचढपणा या बंदरात पुन्हा फारसा पाहावयास मिळत नाही. आज बेटावर 1867 चे दीपगृह आहे, आणि ते मागे पडले की कुलाब्याच्या टोकाशी खडकावर उभे असलेले 1875 चे प्राँग्ज दीपगृह पुढचा मार्ग सांगू लागते.

येथून पुढे शिडाच्या नौकेने आपला एक जुना मान उतरवून ठेवावयाचा असतो. खुल्या समुद्रात यंत्रावर चालणारे जहाज शिडाच्या नौकेस वाट देते, हा सर्वसाधारण दंडक. परंतु 1972 च्या आंतरराष्ट्रीय नौकानयन नियमांतील नववा नियम असा की, अरुंद मार्गात, जेथे मोठ्या जहाजास त्या मार्गाबाहेर जाणे शक्य नाही तेथे, शिडाच्या नौकेने आणि वीस मीटरांहून लहान कोणत्याही नौकेने त्याच्या वाटेत येऊ नये. हा नियम न्याय्यच आहे. न्हावा-शेव्याच्या बंदराकडे, म्हणजे 1989 साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे, निघालेल्या पेट्यावाहू जहाजाच्या नाळेसमोर बऱ्याच अंतरापर्यंतचे पाणी कप्तानास दिसतच नाही, आणि दिसले तरी एवढे धूड जागच्या जागी थांबत नाही. त्याने भोंग्याचे पाच आखूड आवाज काढले, तर ‘तुमचा मनसुबा मला कळत नाही’ असा त्याचा अर्थ समजावा आणि मुकाट्याने कडेला व्हावे.

तथापि या बंदराचा खरा हुकूम चालतो तो भरती-ओहोटीचा. उधाणाच्या दिवशी येथील पाणी साडेतीन मीटरांहून अधिक चढते-उतरते, भांगाच्या दिवसांत दीड मीटरच्या आसपास. आणि उधाणाच्या ओहोटीची ओढ ताशी दोन-तीन सागरी मैलांची असल्यामुळे, ताशी पाच मैल चालणारी नौका त्याविरुद्ध आत येऊ लागली की तिचा निम्मा पराक्रम जागच्या जागी खर्ची पडतो. भरतीच्या वेळांसाठी छापील कोष्टके आहेत; पण कोळीवाड्यातला तांडेल तिथीची पाऊणपट करून मोकळा होतो. चतुर्थीस तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. मिनिटांचा काटेकोरपणा या हिशेबात नाही, पण नौका कधी आत घालावी हे ठरविण्यास तो पुरेसा आहे, आणि पंचांग जवळ असले की त्यास बॅटरी लागत नाही. वाऱ्याचेही तसेच. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई येते, दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. तेव्हा भरती आणि दुपारचा वारा यांची सांगड ज्या दिवशी बसेल तो दिवस आत येण्यास उत्तम.

रात्री मात्र शहाण्याने येऊ नये. आत शिरताना लाल दिव्याचे बोये डाव्या हातास व हिरवे उजव्या हातास ठेवावयाचे, हा नियम कागदावर सोपा आहे. परंतु डाव्या हातासच कुलाब्याची सारी रोषणाई पसरलेली असते, आणि तिच्यातील शेकडो तांबड्या दिव्यांतून बोयाचा एक मिणमिणता तांबडा दिवा वेचून काढण्यासाठी त्याच्या लुकलुकण्याचे सेकंद मोजीत बसावे लागते. त्यात कोळ्यांची डोल जाळी. प्रवाहाकडे तोंड करून रोवलेल्या या जाळ्यांचे दोर पाण्यात फार दूरवर ताणलेले असतात. दिवसा त्यांची तरंगती खूण दिसते, रात्री ती दिसत नाही, आणि दोर पंख्यात गुंतला म्हणजे आपले इंजिन तर जातेच, शिवाय दुसऱ्याच्या पोटावर पाय पडतो.

गेटवेसमोर नांगर पडला म्हणजे प्रवास संपला असे ज्यास वाटते त्याने अजून सरकारी दफ्तर पाहिलेले नाही. परदेशी नौकेने पिवळे निशाण चढवावयाचे, मग जकात, पारपत्र, आरोग्य आणि बंदर अशा वेगवेगळ्या खात्यांचे दाखले, फेहरिस्ता व सह्या. आणि जी छापील प्रपत्रे शेकडो खलाशांच्या जहाजासाठी बेतली, तीच दोन माणसांच्या नौकेसही लागू. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवरील हल्लेखोर बळकावलेल्या मच्छीमार नौकेतून येऊन हवेच्या लहान होडीने कुलाब्याच्या किनाऱ्यास लागले, हे ध्यानात घेता लहान नौकेकडे संशयाने पाहिले जाते याबद्दल तक्रार करणे शोभत नाही. तक्रार आहे ती निराळी. ज्या शहराने 1817 मध्ये जहाजे बांधणाऱ्या वाडियांच्या हातून सागवानी युद्धनौका ‘त्रिंकोमाली’ पाण्यात सोडली, जी आजही इंग्लंडात तरंगते आहे, आणि 1875 पासून 1914 पर्यंत ससून, प्रिन्सेस, व्हिक्टोरिया, अलेक्झांड्रा अशा गोद्यांमागून गोद्या बांधल्या, त्या शहरास लहान नौकेच्या प्रवाशाने सुखाने पायउतार व्हावे अशी सोय करण्याची निकड वाटू नये, हे नवल होय. लहान होडीने दगडी पायऱ्यांशी जावे, ओहोटीस उघड्या पडलेल्या खालच्या पायऱ्यांवरचे शेवाळ पाहून पाऊल टाकावे, आणि एलिफंटाकडे निघालेल्या लाँचच्या लाटेने होडी दगडावर आपटण्यापूर्वी दोर फेकावा, हाच अजून रिवाज.

आणि तरीही याच बंदरातून 2009 च्या ऑगस्टात, ऐन पावसाळ्यात, कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली छप्पन फुटी ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि पुढल्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून येथेच परतले. अभिलाष टॉमी यांनी तीच नौका 2012-13 मध्ये कोठेही न थांबता फिरवून आणली. अर्थात ती आरमाराची नौका. खाजगी प्रवाशाने मुंबई सोडताना पुन्हा त्याच खात्यांकडून निर्गमनाचा दाखला घ्यावयाचा, पहाटेच्या ओहोटीबरोबर मतलईवर शीड सोडावयाचे, आणि गोव्यातील मुरगावास पोहोचल्यावर तीच प्रपत्रे कोऱ्या कागदापासून पुन्हा भरावयाची. म्हणून अनुभवी नौकावाले खलाशांच्या यादीच्या प्रती पेटीत गठ्ठ्याने बाळगतात, आणि नौकेचा म्हणून एक रबरी शिक्काही करवून घेतात, कारण शिक्का उमटलेला कागद टेबलावरून लवकर पुढे सरकतो.