गिरणगाव, कॅनव्हासवर

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या.

ते बदलते गिरणगाव सुधीर पटवर्धनांनी ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात उतरवले. ठाण्यात अनेक वर्षे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या चित्रकाराने कष्टकऱ्यांचे देह फार जवळून पाहिले होते. म्हणूनच ‘ट्रेन’ किंवा ‘इराणी रेस्टॉरंट’मधली माणसे इतकी ओळखीची वाटतात.

गोव्यातल्या खाणपट्ट्यातील डिचोलीकरांना हे परळ परके वाटणार नाही. २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर जागीच उभे राहिलेले खनिजाचे ट्रक त्यांनी पाहिले आहेत.